आधी नत्राच्या मागे लाग

अगं, तुझा मेल वाचला. शेती आणि पर्यावरण यावरच काम करायचं ठरवलंयस, खूप आनंद झाला, पण सेंद्रिय की रासायनिक या भांडणात लगेच बाजू घेऊ नकोस, तिथे आवाज फार आणि मातीबद्दल बोलणं कमी. माझं ऐकशील तर निदान वर्षभर एकट्या नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या मागे लाग.

म्हणजे असं बघ, युरियात 46 टक्के नत्र. तो ओल्या जमिनीवर नुसता फोकला, मातीआड केलाच नाही, तर त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन हवेत उडून जातं. जे राहतं त्याचं नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) होतं आणि नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही (दोघांवरही ऋण भार असतो), मग जोराचा पाऊस झाला किंवा पाणी जास्त दिलं की ते मुळांच्या खाली झिरपतं, पुढे विहिरीत नाहीतर नदीत. शेतात पाणी तुंबून मातीतली हवा गेली की जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड करतात, आणि हा वायू 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 270 पट उष्णता अडवतो! मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात ऑक्सिजन संपलेला पट्टा तयार होतो ना, तोही मुख्यतः मिसिसिपी नदीतून वाहत आलेल्या नत्र आणि स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे).

जगभरात टाकलेल्या नत्रातलं पिकाला निम्म्याच्या आसपासच लागू पडतं. बाकीचं कुठे गेलं, हे प्रत्येक शेतात विचारायचं. शेणखतालाही यातून सूट नाही, उघड्या ढिगातूनही नत्र उडतं आणि गरजेपेक्षा जास्त टाकलं तर तेही झिरपतंच. आणि दुसरी बाजू पण लक्षात ठेव, फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, त्यातून आलेल्या खतावर आज अंदाजे निम्मं जग जेवतं. त्यामुळे खत उद्यापासून बंद करा असं कुणाला सांगू नकोस.

एक काम मात्र हाताने कर. कडधान्याचं रोप फुलोऱ्याच्या सुमाराला मातीसकट खणून काढ, उपटू नकोस, मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलक्या हाताने धू आणि एखादी गाठ नखाने फोड. आत गुलाबी-लालसर दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत, हवेतलं नत्र पिकाला मिळतंय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. जिथे आधीच भरपूर नत्र टाकलंय तिथे गाठी कमीच सापडतील.

आणि शेतकऱ्याला लेक्चर देऊ नकोस, प्लीज. एखादी गोणी जास्त पडते ती पीक पिवळं पडेल या भीतीने, आणि पीक गेलं तर नुकसान त्याचंच होतं, तुझं-माझं नाही. त्याच्याच शेतातल्या एका पट्ट्यात थोडं कमी खत, हप्त्याहप्त्याने, वाफसा (माती फार ओलीही नाही, कोरडीही नाही) बघून मातीआड करून द्यायला सांग, शेजारी त्याचा नेहमीचा पट्टा तसाच राहू दे. काढणीला दोन्हीचं वजन त्याच्यासमोर कर आणि आकडे काहीही आले तरी मला कळव.