एका दिवसात बर्लिन

प्रश्न : माझी मुलगी विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमात जर्मनीला जात आहे. बर्लिनमध्ये त्यांच्या गटाला एकच मोकळा दिवस मिळेल. त्यात काय पाहावे?
– एक पालक, सातारा

उत्तर : सकाळी राइखस्टाग या संसदभवनाचा काचेचा घुमट पाहावा. प्रवेश विनामूल्य असला तरी नावनोंदणी आधी करावी लागते आणि तेथे पासपोर्ट तपासला जातो, म्हणून गटप्रमुखांनी हे काम निघण्यापूर्वीच उरकून घ्यावे. तेथून ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि ज्यूंच्या हत्याकांडाचे २,७११ काँक्रीट स्तंभांचे स्मारक पायी अगदी जवळ आहे.

उरलेला सगळा वेळ मात्र बर्लिनच्या भिंतीचे स्मारक असलेल्या बेर्नाउअर रस्त्याला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्ट १९६१मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली सीमा बंद झाली तेव्हा या रस्त्यावरची घरे पूर्वेत आणि त्यांच्यासमोरचा पदपथ पश्चिमेत होता, त्यामुळे माणसांनी खिडक्यांतून उड्या मारल्या; काहींचा त्यात जीव गेला. जिथे भिंत उरलेली नाही तिथे गंजलेल्या लोखंडी सळ्या ओळीने उभ्या केल्या आहेत आणि त्यांच्यामधून आरपार चालता येते. विशीतल्या मुलांनी तेथे घाई न करता थांबावे, माहितीफलक वाचावेत, आपसांत बोलावे. संग्रहालये त्या दिवशी खुशाल वगळावीत.