आजीचं नाव बदललं, हस्साचं का नाही?

बाळा,

तू विचारलंस, सौदी अरेबियाचा संस्थापक राजा अब्दुलअझीझशी लग्न होऊनही हस्सा 'सुदैरी'च कशी राहिली, आणि आपल्या आजीचं मात्र नाव-आडनाव दोन्ही का बदललं?

आधी नाव नीट वाच. हस्सा बिन्त अहमद आल सुदैरी. 'बिन्त' म्हणजे लेक, 'आल' म्हणजे घराणं. नवऱ्याला त्यात जागाच नाही. म्हणून 'हस्सा सौद' लिहिणं चूक. तिचं माहेरच चुकतं.

सुदैरी हे दवासिर जमातीतले. अब्दुलअझीझची आई साराही सुदैरीच. राज्य उभं करताना त्याने जमातीजमातींशी सोयरिकी जोडल्या. बायकोच्या नावात माहेर दिसलं तरच ती सोयरीक चारचौघांत दिसणार. आपणही सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या, असं सांगतोच की.

हस्साचं पहिलं लग्न १९१३ च्या सुमारास अब्दुलअझीझशीच झालं. मग तलाक. नंतर अब्दुलअझीझच्या सावत्र भावाशी, मुहम्मदशी निकाह झाला आणि एक मुलगाही झाला. तिथूनही सुटल्यावर १९२० मध्ये ती पुन्हा अब्दुलअझीझकडे आली. इद्दत, म्हणजे तलाकनंतर थांबायची ठरावीक मुदत, पाळून दुसरं घर करण्यात तिथे कमीपणा नव्हता. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने द्यायची रक्कम, तीही बाईच्याच मालकीची. तीन निकाह झाले, नाव तेच राहिलं. अब्दुलअझीझपासून झालेल्या तिच्या सात मुलग्यांतले फहद आणि सलमान राजे झाले. त्या सातांना लोक 'सुदैरी सात' म्हणतात, आईच्या माहेरावरून! मुलं मोठी झाली, कारभारी झाली, तरी त्यांनी रोज एकदा आपल्याकडे एकत्र जेवायचं हा तिचा दंडक होता. भावांची एकी त्या जेवणातून टिकली, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आजीचं असंच झालं. ही रीत आहे, कायदा नाही. नाव न बदललं तरी लग्न तितकंच पक्कं.

घोटाळा होतो तो इथल्या, सौदीतल्या फॉर्मवर. मधलं नाव इथे वडिलांचं धरतात. 'लता रमेश पाटील' दिसलं की रमेश तिचे वडील ठरतात, नवरा नाही. म्हणून आईचं नाव पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न बदलता लिही, आणि नातं त्याच्या वेगळ्या रकान्यात भर.

तुझे बाबा