लॅपटॉप लिनक्सचा घ्या, पण पाटल्या तारण ठेवू नका

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहिणाऱ्या एका भाऊंचं पत्र आलंय. वय ४१, पगार ३२ हजार, पोरगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकूनच येणारा लॅपटॉप ३४ हजाराला अन् तोच विंडोजवाला ४० हजाराला मिळायलाय, कोणता घेऊ असा प्रश्न. शेवटी जाता जाता एक ओळ, की पॉलिसीचा ६० हजाराचा दुसरा हप्ता आलाय म्हणून मंडळींच्या पाटल्या तारण ठेवायलोय, हात आखडलाय.

भाऊ, लॅपटॉपचं आधी उरकतो. लिनक्सवाला घ्या. पोरीला सी, पायथॉन शिकायचंय, ते उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) फुकट अन् नीट चालतं, ब्राउझर तोच, वर्डच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात (कधी कधी मांडणी थोडी हलते), मराठीसाठी सेटिंगमधून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की झालं. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या, आवृत्तीला ५ वर्षं फुकट अपडेट मिळतात. दुकानदार ५०० रुपयात विंडोज टाकून देतो म्हणला ना, ते चोरीचं असतं, नको. हिशेबाचं टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, ते आडतीच्या कंप्युटरवरच राहू द्या. कॉलेजात फक्त विचारून घ्या की प्रॅक्टिकलला विंडोजचंच काही लागतं का.

आता त्या शेवटच्या ओळीचं. ६० हजार तारणावर उचलले, व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला ७,२०० गेले. ज्या ६ हजारासाठी तुम्ही महिनाभर दुकानं फिरायलात त्याहून जास्त!

अन् ते कशासाठी, तर तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या कागदाच्या फोटोत ४ टक्के अन् ८ टक्के असे दोन कॉलम आहेत (कंपनीची गुंतवणूक एवढी वाढली तर शेवटी किती मिळतील, याचे अंदाज), बँकेतल्या माणसानं ८ टक्क्याखालच्या १४ लाखाभोवती पेनानं गोल केलाय. दोन्हीची गॅरंटी नाही. शेजारच्या कॉलमात साडेनऊ लाख आहे, तिथं पेन टेकलेलाच नाही. १५ वर्षं ६० हजार म्हणजे ९ लाख भरायचे. १४ मिळाले तरी परतावा सव्वापाच टक्क्याच्या आसपास पडतो, पीपीएफमध्ये (सरकारी बचत खातं) आजच्या ७.१ टक्क्यानं हेच १६ लाखाच्या वर जातात. १२ नं काढून ५ नं ठेवायचे, हा व्यवहार तुम्ही आडतीवर कुणाला करू दिला असता का? "एफडीसारखंच आहे" म्हणून हे गळ्यात मारलं, याचा मला खरंच राग येतो.

त्यात विमा किती, तर ६ लाख. दीड वर्षाचा पगार. उद्या तुमचं काही झालं तर पोरीची डिग्रीही त्यात निभणार नाही. आधी ५० लाखाचा साधा टर्म प्लॅन (नुसता विमा, शेवटी पैसे परत नाहीत) घ्या, तब्येत ठीक असली तर वर्षाला दहा-पंधरा हजाराच्या आसपास बसेल, सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. ती पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका, वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे उरका.

जुनीतले पहिले ६० हजार बरेचसे गेले, हे मनाला लावून घेऊ नका, ते परत आणायला आणखी ६० हजार टाकणं हीच खरी चूक होईल. १ ऑक्टोबर २०२४ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीत वर्ष पूर्ण झालं अन् त्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला की थोडीफार सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मधेच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळते. कंपनीकडून आकडा लेखी मागा, बँकेतल्या माणसाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. कागद आला की मला पाठवा, बघून सांगतो. पाटल्या तोवर कपाटातच राहू द्या.