पटर (गोल्फमध्ये बॉल होलकडे ढकलायचा क्लब, म्हणजे काठी) हातात कसा धरायचा?

प्रश्न: मी गोल्फ शिकतेय, आयर्न, म्हणजे लांब फटक्यांचे क्लब, बऱ्यापैकी लागतात आता. पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर आले की सगळं बिघडतं, चार फुटांचा पट (पटरचा हलका फटका) कधी डावीकडून जातो कधी उजवीकडून. पटर मी आयर्नसारखाच बोटांत धरते. तेच चुकतंय का? नीट सांगा ना.

उत्तर: हो, बहुतेक तेच चुकतंय. आयर्न किंवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) आपण बोटांत धरतो कारण तिथे मनगट मोकळं हवं असतं, मनगटामुळे वेग येतो. पट मारताना तेवढा वेग लागतच नाही, लागते ती दिशा, आणि क्लब बोटांत असला की मनगट हलणारच, मनगट हललं की पटरचा फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडतो नाहीतर बंद होतो आणि बॉल जवळजवळ फेस जिकडे बघतोय तिकडेच निघतो. हिशोब करून बघा, 10 फुटांच्या पटला फेस फक्त 1 अंश वाकडा असेल तर बॉल होलपाशी पोचेपर्यंत साधारण 2 इंच बाजूला गेलेला असतो. होल सव्वाचार इंचाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांच्या जरा वर. मग 1 अंशात बॉल कडेवर आणि 2 अंशांत सरळ बाहेर!

म्हणून पटर तळहातात धरायचा. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून सांगते, डावखुऱ्यांनी सगळं उलट करा. डावा तळहात उघडा, अंगठ्याखालचा मांसल भाग आणि करंगळीखालचा भाग यांच्यामधून ग्रिप (पटरची मूठ) वर जाऊ द्या, साधारण आयुष्यरेषेवरून. उजव्या हातातही तसंच. दोन्ही तळहात एकमेकांसमोर येतात, उजवा तळवा आणि डाव्या हाताची मागची बाजू टार्गेटकडे. पटरच्या ग्रिपला पुढून सपाट बाजू असते ती बघितली असेल, बाकी कुठल्याच क्लबच्या ग्रिपला अशी सपाट बाजू नियमात चालत नाही, फक्त पटरला चालते. दोन्ही अंगठे त्या सपाटीवर सरळ खाली ठेवा, तिरके नकोत.

आता बोटं. आयर्नला उजवी करंगळी डाव्या हातावर येते, इथे उलटं करायचं, डावी तर्जनी मोकळी सोडून उजव्या हाताच्या बोटांवरून खाली टाकायची, याला रिव्हर्स ओव्हरलॅप म्हणतात. त्यामुळे दोन्ही हात जवळ येतात आणि एकत्र चालतात. नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बरोबर धरलाय का हे तपासायचं तर मोबाईल कंबरेच्या उंचीवर, होलच्या उलट बाजूला, बॉल-होलच्या लाइनच्या दिशेने ठेवून व्हिडिओ काढा. शाफ्ट (पटरचा दांडा) आणि कोपराखालचा हात एका रेषेत दिसला पाहिजे. मनगटापाशी कोन दिसला तर ग्रिप अजून बोटांतच आहे. आणि एक क्रम पाळा, आधी फेस लाइनला काटकोनात ठेवा मग हात बसवा. खूप जण हात आधी बसवतात आणि मग फेस सरळ करायला मनगट पिळतात, त्या पिळलेल्या मनगटानेच स्ट्रोक होतो आणि बॉल वाकडा जातो.

प्रश्न: किती घट्ट धरायचा? कोणी म्हणतं एकदम सैल, कोणी म्हणतं घट्ट.

उत्तर: 10 म्हणजे जीव खाऊन आवळणं असेल तर 3-4 च्या आसपास. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. बिघडतं ते इथेच, मागे नेताना हात सैल असतो आणि बॉलपाशी येता येता, विशेषतः छोट्या पटला, उजवा हात आवळतो आणि फेस फिरतो. उभं राहिल्यावर पटरचं डोकं गवतावरून जरासं उचला, त्याचं वजन हाताला जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर घट्ट धरलाय, श्वास सोडा, खांदे सोडा, मग मारा.

प्रश्न: टीव्हीवर तर प्रत्येक जण वेगळंच धरतो. डावा हात खाली, उजव्या हाताचा पंजा, कोणी हातालाच पटर टेकवतो. हे सगळं नियमात बसतं का? मीही करून बघू का?

उत्तर: बसतं. डावा हात खाली म्हणजे लेफ्ट हँड लो, व्यावसायिक खेळाडू जॉर्डन स्पीथ असाच धरत आलाय. यात खांदे जमिनीला समांतर राहतात आणि डावं मनगट सहसा वाकत नाही, छोट्या पटला फार चांगलं, लांबच्या पटला अंतराचा अंदाज यायला मात्र सुरुवातीला वेळ लागतो. पंजा म्हणजे क्लॉ, उजवा हात नुसता बाजूने टेकलेला, त्यामुळे तो ढकलू शकत नाही. सर्जिओ गार्सियाने 2017 ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा क्लॉ ग्रिपनेच जिंकली. हाताला टेकवतात ते आर्म लॉक, ब्रायसन डिशॅम्बो करतो, तेही चालतं. चालत नाही ते पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारणं, 1 जानेवारी 2016 पासून त्यावर बंदी आहे. लांब पटर वापरता येतो, पण तो धरलेला हात छातीला टेकवायचा नाही.

करून बघायला हरकत नाही, पण आज एक उद्या दुसरी असं करू नका, हाताला काहीच कळत नाही मग. तुमचा उजवा हात मध्येच झटका देतो असं वाटत असेल तर क्लॉ, डावं मनगट वाकत असेल तर लेफ्ट हँड लो, आणि दोन्ही नसेल तर आहे तीच ग्रिप ठेवा.

प्रश्न: जाड ग्रिप घेऊ का?

उत्तर: बोटं जास्त चाळवत असतील तर घ्या, जाड ग्रिपने ती आपोआप कमी हलतात. पण लांबच्या पटला हाताला जाणवणारा अंदाजही थोडा कमी होतो, म्हणून विकत घेण्याआधी कोणाचा तरी पटर मागून 30-40 फुटांवरून मारून बघा.