लग्नकार्यातील बक्षिसी : कोणाला, किती आणि कोणाच्या हाती?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात पुण्यातील एका मंगल कार्यालयात ठरले आहे. जेवण, सजावट, छायाचित्रण, मेकअप या सर्वांचे पैसे करारानुसार द्यायचे आहेत. तरीही केटररने ‘मुलांची बक्षिसी वेगळी द्यावी लागेल’ असे सांगून ठेवले आहे. ठरलेले पैसे दिल्यावर पुन्हा बक्षिसी कशाला, असे माझ्या यजमानांना वाटते. सासूबाईंना मात्र कार्यातून कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये असे वाटते. कोणाला, किती व केव्हा द्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ठरलेली रक्कम चुकती केल्यावर बक्षिसी देण्याचे बंधन आपल्यावर राहत नाही, हे आपल्या यजमानांचे म्हणणे योग्यच आहे, आणि केटररने ती हक्काने मागणेही उचित नाही. तरीही मी सासूबाईंच्या बाजूने कौल देईन, कारण आपण करार ज्यांच्याशी करतो ती माणसे आणि पहाटेपासून प्रत्यक्ष राबणारी माणसे बहुधा निराळी असतात. वाढपी, आचाऱ्याचे मदतनीस, भांडी घासणाऱ्या बायका, मांडवाच्या शिडीवर चढणारी मुले यांतील बहुतेक जण रोजावर येतात, आणि पॅकेजच्या रकमेतून त्यांच्या वाट्याला काय येते हे यजमान घराला कधी कळत नाही. म्हणून बक्षिसी मालकाकडे एकगठ्ठा सोपवू नये. ती काम करणाऱ्याच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी.

त्यासाठी आदल्या दिवशी केटररकडून स्वयंपाकघरात किती, वाढायला किती आणि भांड्यांवर किती माणसे येणार आहेत, ही संख्या विचारून घ्यावी. प्रत्येकी 101 रुपये धरले तरी तीस माणसांचे 3,030 रुपये होतात, आणि लग्नाच्या एकूण खर्चात ही रक्कम फार मोठी नाही. मुख्य आचाऱ्याला अर्थातच अधिक, 501 रुपये किंवा ऐपतीप्रमाणे, द्यावेत. शेवटची पंगत उठली की वाढपी कपडे बदलून निघतात, त्यामुळे पाकिटे त्याआधीच तयार हवीत. भांडी घासणाऱ्या बायका मात्र सर्वांत उशिरापर्यंत मागच्या मोरीवर असतात, आणि पुढे कोणाच्या दृष्टीस पडत नसल्याने नेमक्या त्याच राहून जातात. घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीने स्वतः तिथपर्यंत जाऊन त्यांना पाकिटे द्यावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कार्यालयाचे झाडूवाले, स्वच्छतागृह सांभाळणारे व रखवालदार यांनाही याच वेळी द्यावे.

गुरुजींना दिली जाते ती दक्षिणा. ती आधी ठरवून घेतली असली तरी पाकीट घाईने हातावर ठेवू नये. विडा-सुपारीसह, वधूवरांनी नमस्कार करून द्यावी. सनई-चौघडा वाजवणाऱ्या कलावंतांनाही ठरलेल्या बिदागीखेरीज श्रीफळ देऊन त्यांचा मान राखावा.

छायाचित्रकार किंवा मेकअप करणाऱ्या बाई स्वतःच व्यवसायाच्या मालक असतील, तर त्यांना बक्षिसीची अपेक्षा नसते. दिवसभर दिवे धरून उभा राहणारा मदतनीस आणि नववारी नेसवायला आलेली मुलगी यांना मात्र जरूर द्यावे. या मंडळींच्या जेवणाची वेळ हमखास चुकते, तेव्हा त्यांची पाने केव्हा मांडायची हे केटररला आधीच सांगून ठेवावे. वऱ्हाडाच्या बसचालकाच्या बाबतीत बक्षिसीइतकेच वेळेवर जेवण आणि परतीच्या प्रवासापूर्वी झोपायला जागा महत्त्वाची आहे, कारण वऱ्हाड सुखरूप पोहोचणे त्याच्या विश्रांतीवर अवलंबून असते.

वरातीत नवरदेवावरून नोटा ओवाळून बँडवाल्यांना देण्याची पद्धत असली, तरी त्या उधळू नयेत. नोटा उधळू नयेत आणि त्यांचे हारही करू नयेत, असे आवाहन रिझर्व्ह बँकेनेही केलेले आहे. शिवाय वाजवणाऱ्याला रस्त्यावर वाकून पैसे वेचायला लावणे मला अत्यंत अप्रशस्त वाटते. बक्षिसीचा हा खर्च दोन्ही घरांनी मिळून करावा. तो केवळ मुलीकडच्यांनी सोसावा ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

प्रश्न : आमचे स्वागतसमारंभाचे जेवण हॉटेलात आहे. बिलात सेवाशुल्क लावले, तर ते द्यावेच लागते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल वा उपाहारगृहाला बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, आणि ते दुसऱ्या नावाखालीही वसूल करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये या सूचना वैध ठरवल्या. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच अंदाजपत्रकातून ही ओळ काढून घ्यावी, म्हणजे ऐन समारंभाच्या रात्री वाद होणार नाही. हॉटेलने ऐकले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सेवाशुल्क वगळल्याने वाचलेल्या रकमेतून त्या रात्री वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांना आपण स्वेच्छेने जे द्याल, ते थेट त्यांच्याच हाती द्यावे. सेवेत काही उणीव राहिली, तर तिचा हिशेब व्यवस्थापकाशी करावा. त्यासाठी वाढप्यांची बक्षिसी कापू नये.