फोटोवरून चतुर आणि बाकीचे किडे नेमके कसे ओळखायचे? कुठलं ॲप चांगलं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी दिसेल त्याला विचारत फिरायचो. तुम्ही लिहिलंय की टेरेसवर कपडे वाळत घालायच्या दोरीवर लाल चतुर बसलेला, मोबाईलने वरून एक फोटो काढला, तीन ॲपमध्ये टाकला तर तिघांनी तीन नावं सांगितली आणि त्यातलं एक अमेरिकेतल्या चतुराचं निघालं. मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही, आठवडाभर अकाउंट्स बघतो आणि रविवारी सकाळी पुण्याच्या आसपास तळी, नाले, शेततळी पालथी घालतो, त्यामुळे चुका करून करून जे कळलंय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. मला माहितीये की सगळ्यात आधी रंगच दिसतो, पण चतुराच्या बाबतीत रंग एवढा फसवतो की विचारू नका. आपल्याकडे नुसते लाल म्हणाल तर सहज पाच-सहा जातीचे चतुर सापडतील. त्यातले दोन सगळीकडे दिसतात, स्कार्लेट स्किमर आणि क्रिमसन मार्श ग्लायडर. स्कार्लेट स्किमरचा नर म्हणजे डोळे, तोंड, छाती, शेपटी सगळंच मिरचीसारखं लालभडक आणि शेपटीच्या वरून मधोमध एक बारीक काळी रेघ. क्रिमसन मार्श ग्लायडर जरा गुलाबी-जांभळटाकडे झुकतो, साधारण कोकम सरबताचा रंग म्हणा ना, आणि त्याच्या पंखांच्या शिरासुद्धा लाल असतात, मागच्या पंखाच्या बुडाशी चांगला मोठा तपकिरी-पिवळा डाग असतो. आता तुमचा फोटो बघा, भर दुपारच्या उन्हात काढलाय, मोबाईलने लाल रंग पार फाडून टाकलाय, त्यात कोकम काय आणि मिरची काय सगळं एकच दिसणार. पण पंख झूम करून बघितले तर शिरा लाल आहेत की काळपट एवढं कळायला पाहिजे, आणि तेवढ्यावर अर्धं काम होतं.

वर आणखी गंमत अशी की स्कार्लेट स्किमरची मादी लाल नसतेच, पिवळट मातकट असते, आणि नुकताच बाहेर पडलेला कोवळा नरही तसाच पिवळा दिसतो, नंतर लाल होतो. म्हणजे एकाच तळ्यावर एकाच जातीचे दोन रंग आणि दोन जातींचा एकच रंग. काही जातींच्या नरांवर वय झालं की निळसर पांढरी पावडर चढते, द्राक्षांवर असते ना तशी, मग खालचे पट्टेबिट्टे सगळे झाकले जातात. नर की मादी हे बघायचं असेल तर बाजूने काढलेला फोटो लागतो, नराच्या पोटाखाली छातीला लागूनच एक छोटा उंचवटा दिसतो. वरून काढलेल्या फोटोत तो कधीच येत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, एक फोटो वरून आणि एक बरोब्बर बाजूने, मोबाईल त्याच्या अंगाला समांतर धरून. छातीच्या बाजूचे पट्टे, पंखाच्या टोकाजवळचा छोटा गडद ठिपका आणि शेपटीच्या अगदी टोकाला असलेले बारीक चिमटे, जाणकार लोक याच्यावरच नाव सांगतात. समोरून तोंडाचा एक मिळाला तर बोनस. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेत की मधे फट आहे हे त्यात दिसतं. फट असेल तर तो बहुतेक क्लबटेल गटातला, तिथेच निम्मे पर्याय उडाले. टाचणीचे डोळे तर डंबेलसारखे दोन टोकांना असतात. टाचणी म्हणजे ती बारीक सुईसारखी, जी बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेते. चतुर पंख पसरूनच बसतो. काही टाचण्या मात्र अर्धवट पंख उघडे ठेवून बसतात, तेव्हा फक्त पंख बघून ठरवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तो कुठे आणि कसा बसला होता. ही माहिती फोटोइतकीच महत्त्वाची आहे आणि कोणी लिहीतच नाही! टेरेसवर सिमेंटच्या भिंतीला पालीसारखा चपटा चिकटून बसलेला, राखाडी-काळा, दगडात मिसळून जाणारा चतुर दिसला तर तो बहुतेक ग्रॅनाइट घोस्ट, बिल्डिंगच्या उघड्या टाकीत साठलेलं पावसाचं पाणीही त्याला अंडी घालायला पुरतं. पाऊस सरत आला की मैदानावर शेकड्याने पिवळट चतुर घिरट्या घालत असतात, बसायचं नावच घेत नाहीत आणि बसले तर काडीला उभे लटकतात, ते वाँडरिंग ग्लायडर. हेच पुढे मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं मानतात, एवढासा जीव, बोटाएवढा! आणि घाण नाल्याच्या काठी गवतावर केशरी रंगाचे छोटे चतुर भरपूर दिसले तर डिच ज्वेल. चतुर दिसला म्हणजे पाणी स्वच्छ, असा मेसेज फिरत असतो ना, मुठेच्या काठी जाऊन एकदा बघा.

आता ॲपचं. मी आयनॅचरलिस्ट वापरतो, २००८ साली कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालेलं आहे. त्यातही फोटो टाकला की कॉम्प्युटर नाव सुचवतो, पण खरी मजा पुढे असते, खरीखुरी माणसं येऊन तुमचं नाव बरोबर की चूक ते सांगतात. कॉम्प्युटरने दिलेलं पहिलं नाव डोळे मिटून ठोकून देऊ नका. नक्की माहीत नसेल तर नुसतं चतुर एवढंच टाका, त्यात कमीपणा काही नाही, जाणकार पुढे नेतात. घरचा फोटो असेल तर लोकेशन लपवायची सोय आहे, ती वापरा. ताडून बघायला ओडोनाटा ऑफ इंडिया नावाची वेबसाइट उत्तम आहे, भारतातल्या जातींचे फोटो तिथे मिळतात, निदान अमेरिकेतला चतुर तरी येणार नाही मधे.

माझी फजितीही सांगून टाकतो. एकदा रात्री गावच्या घरी ओट्यावरच्या दिव्याला एक लांब, नाजूक, जाळीदार पंखांची टाचणी येऊन बसली, मी उत्साहाने दहा फोटो काढून ग्रुपवर टाकले, वर लिहिलं की ही कुठे नोंदलेली दिसत नाही. पाच मिनिटांत एका कॉलेजच्या पोराचा रिप्लाय, काका, मिशा बघा. बघितलं तर टोकाला जाड झालेल्या चांगल्या ठसठशीत मिशा. चतुर आणि टाचणीच्या मिशा केसासारख्या बारीक आणि आखूड असतात, पटकन दिसतही नाहीत. तो होता मुंगीसिंह, म्हणजे लहानपणी अंगणातल्या मऊ मातीत फनेलसारखे खड्डे करून मुंग्यांची वाट बघत बसणारा जो किडा आपण काडीने उकरायचो, तो मोठा झाल्यावर असा दिसतो. तेव्हापासून मी आधी मिशा बघतो, मग बाकी सगळं.

बाकीच्या किड्यांनाही असंच, आधी गट लावा. फुलावरची पिवळी-काळी पट्टेवाली मधमाशी वाटतेय? पंख मोजा. मधमाशीला चार, माशीला दोन, आणि माशीचे डोळे मोठे नि मिशा आखूड. मधमाशी समजून टाकलेले फोटो कितीदा तरी होव्हरफ्लायचे निघतात. आणि हेही खरं की बारीक भुंगेरे, माश्या यांच्यातल्या कितीतरी जाती फोटोवरून कोणालाच ओळखता येत नाहीत, मायक्रोस्कोपखाली धरून बघावं लागतं, तेव्हा कोणी गटापर्यंतच नाव सांगून थांबला तर त्याला अर्धवट समजू नका. उलट जो प्रत्येक धूसर फोटोला धडाधड नाव देतो त्याच्यापासून जपून.

तुमच्या फोटोबद्दल माझा अंदाज स्कार्लेट स्किमर, कारण शेपटीवर काळी रेघ असल्यासारखी वाटतेय, पण ती दोरीची सावलीही असू शकते, त्यामुळे पैज लावणार नाही. या चतुरांना आपली जागा ठरलेली असते, उडाला तरी फिरून तिथेच येतो. उद्या दहाच्या सुमारास टेरेसवर जा, त्याच्यावर तुमची सावली पडू देऊ नका, लांबूनच एक फोटो काढून ठेवा आणि मग एकेक पाऊल पुढे सरकत बाजूने काढा. आणि त्या दोरीवर उद्या कपडे नका घालू म्हणजे झालं.