कोल्हापुरात आमच्या पेठेत १ मे रोजी कामगार दिन कसा साजरा करावा?

वेळ आधी ठरवा, ती संध्याकाळची. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतं, दुपारी ऊन सोसत नाही, आणि सफाई कामगार, घरकामाच्या मावश्या, हमाल यांना सुट्टी नसतेच. ज्यांचा दिवस आहे तेच आले नाहीत तर काय उपयोग? सहानंतर ठेवा.

सत्कार करायचा तर पेठेतल्याच माणसांचा करा. उद्यमनगरात फौंड्रीत भट्टीवर राबलेले काका, चप्पल शिवणारे कारागीर, कचरा उचलणाऱ्या ताई. नारळ-शाल द्याच, पण माईकही त्यांच्या हातात द्या. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत आवरा. १८८६ साली शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले, आणि भारतात पहिला मे दिन १९२३ मध्ये मद्रासला कामगार नेते सिंगारवेलू चेट्टियार यांनी साजरा केला, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे कामगारांच्या सरकारी नोंदणीचं टेबल. ई-श्रम कार्ड, म्हणजे केंद्र सरकारकडच्या नोंदणीचं कार्ड, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना काढता येतं. आधार, बँक पासबुक, आधारला जोडलेला मोबाईल आणायला आधीच सांगा. गवंडी-सेंट्रिंगवाल्यांना बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्येच घरोघरी निरोप द्या.

मांडव रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेची, स्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी काढा. दहाच्या आत आवाज बंद. जेवायला मिसळ ठेवा, वाढायला पेठेतली तरुण पोरं असू देत. कामाच्या बायकांना त्या दिवशी पातेल्याजवळ उभं करू नका.